तुऱ्याची साक्ष

तर ऐका पोरांनो. आजची गोष्ट कोंबड्यापासून सुरू होते आणि आपल्या दमणगंगेपर्यंत येते.

खानवेलच्या बाजूला कुठल्याही वारली पाड्यावर जा. अंगणात कोंबड्या माती उकरत असतात आणि त्यांच्यात एखादा कोंबडा तोऱ्यात फिरत असतो. कोंबडीलाही तुरा असतो, पण इवलासा. कोंबड्याचा बघा: जाड, दातेरी, लालभडक. गळ्याखाली लाल कातडीच्या दोन पाळ्या लोंबतात. पहाटे बांग देतो, दुसरा कोंबडा दिसला की अंगावर धावून जातो. पिल्लू असताना मात्र कोंबडा कुठला आणि कोंबडी कुठली, हे ओळखू म्हटलं तरी ओळखता येत नाही. मग हा तुरा त्याच्याच डोक्यावर इतका का वाढतो? वाढ म्हणून त्याला सांगतं कोण?

१८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेन गावी आर्नोल्ड बेर्टोल्ड नावाच्या प्राध्यापकाने हे खुद्द कोंबड्यांनाच विचारलं. त्याने सहा तरणे कोंबडे घेतले. काहींचे दोन्ही वृषण काढून टाकले. शेतकरी बैल खच्ची करतात, तेच केलं. ते कोंबडे गुबगुबीत झाले, पण तुरा फिका आणि बुटका राहिला. बांग नाही, भांडण नाही, कोंबडीकडे ढुंकून पाहणं नाही. बाकीच्यांच्या पोटात त्याने आतड्यांशेजारी एक वृषण परत ठेवून दिला; काहींच्या पोटात तर दुसऱ्याच कोंबड्याचा. आणि काय गंमत, हे कोंबडे झोकात वाढले! तुरा उभा, बांग खणखणीत, मारामारीला एका पायावर तयार.

पुढे त्याने पोट उघडून पाहिलं. ठेवलेला वृषण आतड्याला चिकटून जिवंत होता, त्याच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. जुने मज्जातंतू मात्र तुटलेलेच होते. म्हणजे तुऱ्याला ‘वाढ’ म्हणून जो निरोप जात होता, तो मज्जातंतूंतून जात नव्हता. तो रक्तातून जात होता.

रक्तातून जाणाऱ्या या रासायनिक निरोपाला आपण संप्रेरक म्हणतो, इंग्रजीत हार्मोन. वृषणातून निघणारं टेस्टोस्टेरॉन आणि अंडाशयातून निघणारं इस्ट्रोजेन ही त्यातली दोन मोठी नावं. मुलाला मिसरूड फुटतं, आवाज घोगरा होतो, मुलीची पाळी सुरू होते, ते सगळं यांच्या सांगण्यावरून. लाजायचं काही कारण नाही, शरीराचा कारभार आहे तो.

पण टेस्टोस्टेरॉन हाती लागायला बेर्टोल्डनंतर तब्बल शहाऐंशी वर्षं लागली, कारण ते शरीरात असतंच किती? मोठ्या पुरुषाच्या एक मिलिलिटर रक्तात साधारण तीन ते दहा नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. १९३१ साली आडोल्फ बुटेनांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पोलिसांची लघवी जमा केली. हसू नका, खरंच केली, पंधरा हजार लिटर! एवढं आटवून त्याच्या हाती टेस्टोस्टेरॉनच्या कुळातलं एक संप्रेरक आलं, जेमतेम पंधरा मिलिग्रॅम. खुद्द टेस्टोस्टेरॉन १९३५ साली ॲमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या गटाने मिळवलं: बैलांच्या शंभर किलो वृषणांतून दहा मिलिग्रॅम.

आता सांगा, इतक्या काढ्यांमधून नेमक्या कुठल्या थेंबात ते आहे, हे या लोकांना कसं कळत होतं? मोजायचं यंत्र तर नव्हतं.

‘कोंबडा!’ ओंकार ओरडला. बरोबर. खच्ची केलेल्या कोंबड्याला थेंब टोचायचा आणि तुरा मोजायचा. तुरा वाढला, तर त्या थेंबात संप्रेरक आहे. त्या काळी शास्त्रज्ञांचं मोजमापाचं यंत्र म्हणजे हा तुरा. हे ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता बेर्टोल्डपासून शंभर वर्षं पुढे या. १९५० साली अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठात बर्लिंग्टन आणि लिंडमन या दोघांनी लेगहॉर्न जातीच्या चाळीस कोवळ्या कोंबड्यांवर प्रयोग केला. काहींना ते रोज डीडीटी टोचत होते. कोंबडे मेले नाहीत, आजारीही दिसले नाहीत. फक्त मोठे झाल्यावर त्यांचा तुरा खुरटा राहिला, आणि वृषण नेहमीच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान निघाले. कुणी सुरी लावली नव्हती आणि तरी कोंबडे अर्धेअधिक खच्ची झाले होते.

डीडीटी म्हणजे डास मारायचं औषध. त्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पाउल म्युलर यांना १९४८ साली नोबेल मिळालं होतं. आपल्या देशात १९५३ साली हिवतापाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि गावोगाव भिंतींवर डीडीटीचा फवारा बसू लागला. त्याने असंख्य जीव वाचवले, हे विसरायचं नाही. रायगड जिल्ह्यातल्या रसायनीला सरकारी कारखान्यात ते बनत असे. शेतीत त्याचा वापर आपल्याकडे १९८९ साली बंद झाला. पण डीडीटी जाता जात नाही. ते आणि त्याच्यापासून होणारं डीडीई चरबीत मुरतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं.

सिराक्यूजच्या त्या कोंबड्यांकडे तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. विषाची व्याख्या ठरलेली होती: जीव घेतं ते विष. तुरा खुरटला, एवढ्यावर कोण घाबरणार?

आता, हे घडतं कसं? संप्रेरक रक्तातून सगळीकडे फिरतं, पण त्याचं ऐकतात काहीच पेशी. त्यांच्यात एक प्रथिन असतं, त्याला ग्राही म्हणतात. संप्रेरक ग्राहीला जाऊन चिकटलं की दोघं मिळून पेशीतली ठराविक जनुकं जागी करतात. ग्राही फक्त आकार आणि जडण पाहतो. निरोप कुणी धाडला, घरच्या ग्रंथीने की बाहेरच्या कारखान्याने, हे तो विचारत नाही.

महाभारतातले द्रोणाचार्य आठवा. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता, पण कानावर नाव पडलं ते मुलाचं. निरोप इवलासा, पण नेमक्या वेळी आणि विश्वासाच्या तोंडून आलेला. एवढ्या मोठ्या योद्ध्याने शस्त्र खाली ठेवलं. शरीराचंही तेच होतं. बाण मारावा लागत नाही, चुकीचा निरोप पुरतो.

हा घोटाळा दोन तऱ्हांनी होतो. काही रसायनं ग्राहीला चिकटून संप्रेरकाचं सोंग घेतात आणि नको तेव्हा काम सुरू करतात. काही नुसतीच ग्राहीची जागा अडवून बसतात; स्वतः बोलत नाहीत आणि खऱ्या संप्रेरकाला बोलू देत नाहीत. डीडीई हे दुसऱ्या जातीचं. टेस्टोस्टेरॉनच्या ग्राहीवर ते असं ठाण मांडतं, हे १९९५ साली सिद्ध झालं. म्हणजे कोंबड्यांनी साक्ष दिल्यावर पंचेचाळीस वर्षांनी.

आणि सगळ्यात नाजूक काळ कुठला, माहीत आहे? जन्माआधीचा. आईच्या पोटात आठव्या आठवड्याच्या सुमारास मुलाच्या गर्भात टेस्टोस्टेरॉन बनू लागतं आणि पुढच्या काही आठवड्यांत अवयवांची घडण ठरून जाते. मोठ्या माणसाच्या अंगावर जी मात्रा उमटतही नाही, ती त्या आठवड्यांत आयुष्यभराची खूण ठेवू शकते.

याचा सगळ्यात कडू पुरावा औषधातूनच आला. लंडनचे चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ साली डाइएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केलं. गर्भपात टळेल या समजुतीने अमेरिकेत ते कित्येक गर्भवतींना दिलं गेलं. कोंबड्यांच्या मानेतही त्याच्या गोळ्या पुरत, मांस भरावं म्हणून. १९७१ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी तरुण मुलींच्या योनिमार्गाच्या एका अत्यंत दुर्मीळ कर्करोगाच्या आठ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आठांपैकी सात जणींच्या आयांनी गरोदरपणी ते औषध घेतलं होतं. औषध आईने घेतलं आणि ते फेडलं लेकीने, तेही पंधरा-वीस वर्षांनी.

‘पण आजोबा, हे सगळं तिकडचं. आपल्याकडे काय?’ सईचा प्रश्न रास्त आहे. चला तर मग, याच किनाऱ्याने खाली गोव्याला जाऊ.

जहाजाच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटतं, जहाज जड होतं, तेल जास्त लागतं. त्यावर उपाय म्हणून जगभर ट्रायब्युटिल टिन घातलेला रंग लावू लागले. रंग उत्तम चालला. पण १९७०च्या सुमारास इंग्लंडमधल्या प्लिमथच्या किनाऱ्यावर स्टीफन ब्लेबर यांना समुद्री गोगलगाईंच्या माद्यांच्या अंगावर नराचं इंद्रिय उगवलेलं दिसलं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात एखादा नॅनोग्रॅम टिन एवढ्यावर हे घडतं. प्रमाण वाढलं की मादीची अंडी बाहेर यायची वाटच बुजते. अंडी आतच कुजतात, मादी मरते आणि हळूहळू त्या खडकावरची पुढची पिढी खुंटते. कारण मागाहून सापडलं: हे टिन गोगलगाईच्या पेशीतल्या एका ग्राहीला चिकटतं आणि नर घडवायचा हुकूम सुटतो.

गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या वाय. विश्वकिरण आणि ए. सी. अनिल यांनी १९९९ साली हीच विकृती भारताच्या पाण्यात आढळल्याची नोंद प्रसिद्ध केली. प्राण्याचं नाव क्रोनिया कोंकणेन्सिस, नावातच कोकण असलेली शिकारी गोगलगाय. दमणला आपली नदी ज्या अरबी समुद्राला मिळते, त्याच समुद्रातली. २००१ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने या रंगावर बंदीचा करार केला, तो २००८च्या सप्टेंबरात लागू झाला. बंदीनंतर युरोपातल्या पुष्कळ किनाऱ्यांवर गोगलगाई पुन्हा सावरल्या.

आणखी दक्षिणेला केरळचा कासरगोड जिल्हा. तिथल्या काजूच्या बागांवर वीस वर्षांहून जास्त काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या शाळकरी मुलांची तपासणी केली. ११७ मुलं फवारणीखालच्या गावातली आणि तुलनेला ९० मुलं दूरच्या गावातली. २००३ साली आलेला निष्कर्ष असा: फवारणी जितकी अंगावर आलेली, तितकं वयात येणं लांबलेलं. वय जमेस धरूनही टेस्टोस्टेरॉन कमी होतं, आणि मेंदूखालच्या ग्रंथीतून वृषणाला ‘काम कर’ म्हणून जाणारं संप्रेरक मात्र वाढलेलं. वरून हुकूम सुटतोय आणि खालून काम होत नाही, असा त्याचा अर्थ. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली.

आता आपल्या सिल्वासाकडे या. आमली, मसाट, राखोली, नरोली, कुठेही जा, सूत आणि प्लॅस्टिक. पॉलिस्टरचं सूत इथे किती बनतं, हे तुमच्या बाबांना विचारा, त्यांची पाळी त्यावरच चालते. सुताच्या आणि प्लॅस्टिकच्या धंद्यालाही या गोष्टीत जागा आहे.

बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवत होते. या पेशी इस्ट्रोजेन मिळालं तरच भराभर वाढतात. एके दिवशी पाहतात तर ज्या नळ्यांत इस्ट्रोजेनचा थेंबही घातला नव्हता, तिथेही पेशी वाढलेल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काचसामान बदललं, पाणी बदललं, हात धुऊन पाहिले. महिनोन्‌महिने शोध घेतल्यावर चोर सापडला तो प्लॅस्टिकच्या नळीतच. नळी चिवट व्हावी म्हणून बनवणाऱ्याने घडणीत बदल केला होता आणि तिच्यातून नॉनिलफिनॉल नावाचं रसायन झिरपत होतं. १९९१ साली त्यांनी ते जाहीर केलं. हेच नॉनिलफिनॉल, सूत आणि कापड धुण्यासाठी जगभर वापरल्या गेलेल्या एका जातीच्या साबणी द्रव्यांचा पाण्यात निकाल लागला की, मागे उरतं. युरोपने या द्रव्यांवर कडक मर्यादा घातल्या आहेत, तिथे विकायच्या कापडावरसुद्धा.

सईने डबा पुढे सरकवला आहे, म्हणजे प्रश्न कळला. डबा, बाटली, पिशवी यांचं काय? टणक पारदर्शक प्लॅस्टिकमधल्या बिस्फेनॉल एची इस्ट्रोजेनसारखी करणी डॉड्स यांनी १९३६ सालीच तपासली होती, प्लॅस्टिकमध्ये ते जाण्याच्या कितीतरी आधी. बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत ते नको, असं भारतीय मानक ब्युरोने २०१५ साली ठरवलं. मऊ पीव्हीसीतली थॅलेट्स ही दुसरी जमात. उंदरांच्या गर्भात ती टेस्टोस्टेरॉन कमी करतात. बरी गोष्ट ही की बिस्फेनॉल आणि थॅलेट्स अंगात मुरत नाहीत, एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातात. अडचण ही की आपण ती रोज नव्याने घेतो. म्हणून उकळता चहा पातळ पिशवीत बांधून आणू नका, किटली न्या. गरम वरण स्टीलच्या डब्यात घाला. घरात कुणाला दिवस गेले असतील तर त्या घरात ढेकणा-झुरळांची फवारणी टाळा. एवढं पुरे. प्लॅस्टिकचा चमचा पाहून दचकायचं कारण नाही.

पण एक गोम आहे. बिस्फेनॉल एचं नाव बदनाम झाल्यावर बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी बिस्फेनॉल एस आलं. ग्राहीला चिकटायची खोड त्यालाही आहे. एका नावावर बंदी घालावी, तर त्याचा भाऊ हजर. नावांची यादी घेऊन शोधायला गेलं की यादीत नसलेलं सुटतं.

इथे तो कोंबडा पुन्हा कामाला येतो. आतापर्यंतच्या गोष्टी आठवा. बेर्टोल्डच्या कोंबड्यांत, गोगलगाईंत, सोटोबाईंच्या पेशींत, प्रत्येक वेळी आधी सजीवाने खूण दाखवली आणि रसायनाचं नाव मागाहून कळलं. इंग्लंडच्या नद्यांत असंच झालं. सांडपाण्याच्या केंद्राखाली पिंजऱ्यात ठेवलेल्या नर ट्राउट माशांच्या रक्तात अंड्याच्या बलकाचं प्रथिन सापडलं, १९९४ साली ते प्रसिद्ध झालं. नराने बलक करायचं कारणच काय? त्याच्याकडे त्याचं जनुक असतं, पण इस्ट्रोजेनचा निरोप आल्याखेरीज ते झोपलेलं असतं. म्हणजे पाण्यातून निरोप येत होता. घराघरांतून सांडपाण्यात उतरणारं स्त्रियांचं स्वतःचं इस्ट्रोजेन आणि गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन, हे त्यात मुख्य ठरलं. म्हणजे सगळा दोष कारखान्याचाच असतो, असंही नाही. गावाची गटारंही त्यात असतात.

याची कसोटी कॅनडात लागली. कॅरन किड यांच्या गटाने ऑन्टारिओतल्या एका प्रयोगाच्या तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे गोळ्यांतलं इस्ट्रोजेन घातलं, लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. नरांच्या अंगात बलकाचं प्रथिन भरलं आणि त्या तळ्यातली एका लहान माशाची जात जवळजवळ संपली. मग इस्ट्रोजेन थांबवलं. काही वर्षांत ते मासे पुन्हा वाढले. निरोप थांबला की शरीर आणि तळं दोन्ही आपापल्या कामाला लागतात, हेही त्याच तळ्याने दाखवलं.

आपली दमणगंगा नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगवते, मधुबन धरणात थांबते, सिल्वासा आणि वापीचे कारखाने ओलांडते आणि सव्वाशे किलोमीटरांहून थोडा जास्त प्रवास करून दमणला समुद्राला मिळते. कारखान्याच्या सांडपाण्याची आम्लता, प्राणवायूची मागणी, गाळ, रंग, हे मोजायचे नियम आहेत आणि ते हवेतच. पण हे पाणी संप्रेरकाची भाषा बोलतं का, हे त्या नियमांत कुठेच विचारलेलं नाही. सगळ्या रकान्यांत पास झालेलं पाणीसुद्धा नर माशाला बलक करायला लावू शकतं.

मग करायचं काय? फार अवघड नाही. पिंजऱ्यात नर मासे घ्या. एक पिंजरा मधुबनच्या वर, एक कारखान्यांच्या खाली, एक गावाच्या गटाराखाली, एक दमणच्या खाडीत. काही आठवडे ठेवा आणि त्यांच्या रक्तात बलकाचं प्रथिन आहे का ते पाहा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, दर वर्षी.

‘आणि सापडलं तर?’

तर रसायनाचं नाव शोधायला तिथून सुरुवात करायची, सांडपाण्याची नळी कुठून येते ते पाहायचं आणि ती बंद करायला लावायची. नाही सापडलं, तर तेही लिहून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वर्षी बदल झाला तर कळेल. ओंकार, तुझ्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला अजून अवकाश आहे ना? मग या वेळी ज्वालामुखी नको करू.